दोघांचा सौदा, एकाचे पोट

माझ्या मेहुण्याने मला फसवले. आम्ही दोघांनी मिळून पोट कापून घ्यायचे ठरवले होते. मी कापून घेतले, त्याने घेतले नाही. पुढे जे काही लिहिले आहे तो याचाच तपशील आहे, आणि वाचून झाल्यावर कुणी मला "जाऊ द्या हो, घरचाच माणूस आहे" असे सांगायला येऊ नये. घरचा होता म्हणूनच फसलो. बाहेरच्या माणसाला ते आजवर जमलेले नाही.

नारायण पेठेत माझे जुन्या फर्निचरचे दुकान आहे. त्याआधी मी लोकांच्या दारात बसून वेताच्या खुर्च्या विणून देत असे आणि त्याही आधी दुसऱ्याच्या दुकानात टेबले उचलत असे. तेव्हा मी काडीसारखा होतो. वजन नंतर कमावले, दुकानाबरोबरच, आणि दोन्ही स्वतःच्या हिमतीवर. एकशे अठ्ठेचाळीस किलो. असला आकडा सांगताना लोक आवाज खाली आणतात. मी कधी आणला नाही, कारण माझा धंदाच त्यावर चालायचा.

जुनी खुर्ची घेताना गिऱ्हाईक एकच गोष्ट विचारते: मोडणार नाही ना? बाकीचे दुकानदार शपथा घेतात. मी बसायचो. खुर्ची दुकानाच्या मधोमध ठेवायची, समोरून चहा मागवायचा आणि तो संपेपर्यंत तिच्यात बसून राहायचे. खुर्ची करकरली नाही तर उठून तिला उलटी करायची आणि बुडाला खडूने एक रेघ मारायची. एक रेघ म्हणजे एका चहाची खुर्ची. घरात जड माणसे असतील तर दोन चहांची. एका वकिलांना मी चार चहांची आरामखुर्ची दिली होती, कारण पुराव्याशिवाय त्यांना काही पटत नसे. दुकानावर मी पाटी लावली होती: "येथील प्रत्येक खुर्चीवर मालक स्वतः बसलेले आहेत." आमच्या गल्लीत एक निवृत्त हेडमास्तर राहतात. त्यांनी पाटी चष्म्यातून दोनदा वाचली आणि म्हणाले, "मग विकताना पुसून देत चला."

माल विकत घेताना हेच वजन उलटे कामाला यायचे. लोक जागा बदलतात आणि जुना सोफा विकायला काढतात. मी जायचो, नमस्कार करायचो, आणि सोफ्यावर मधोमध न बसता डाव्या अंगावर भार टाकून बसायचो. तसे बसले की कुठलाही सोफा रडतो. मी तोंडातून एक शब्द काढत नसे. फक्त घरच्या बाईंकडे बघायचो. मग त्याच म्हणायच्या, "तसा जुनाच झालाय म्हणा." भाव तिथेच उतरायचा. यात फसवणूक कसली? सोफा खरोखरच रडायचा. दुकानात आणून, सांधे उघडून, सरस भरून मीच त्याला गप्प करायचो.

मेहुणा म्हणजे माझ्या बायकोचा धाकटा भाऊ. त्याचा टेम्पो आहे आणि माझा माल तोच वाहतो. एकशे बत्तीस किलो. आम्ही बिबवेवाडीत एकाच सोसायटीत राहतो, तो तिसऱ्या मजल्यावर, मी पहिल्या. सकाळची मिसळ आणि दुपारचे जेवण आम्ही एकत्र करायचो. दुपारी आम्ही दोघे पानावर बसायच्या आधी बायको स्वतःपुरते काढून झाकून ठेवायची. ते का, हे मी तिला कधी विचारले नाही आणि तिने कधी सांगितले नाही.

आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे, कारण पुढे सगळे तिच्यावरच अडते. मी जावयाचा मान सोडत नाही. लग्नात सासरच्यांनी मला प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसवले होते. फर्निचरवाल्या जावयाला प्लॅस्टिकची खुर्ची. मी ते त्या दिवशी बोललो, पहिल्या दिवाळीला बोललो आणि अजून बोलतो. तेव्हापासून सासरी कोणतीही गोष्ट माझ्या आधी कुणाला मिळालेली नाही. पहिले पान माझे, पहिला आंबा माझा, आरतीचे तबक आधी माझ्यापुढे. मेहुणा हे सगळे शाळेत असल्यापासून बघत आला. नुसते बघत नव्हता, शिकत होता, हे मला फार उशिरा कळले.

सगळे सुरू झाले कोथरूडच्या एका लिफ्टमध्ये. आम्ही दोघे चौथ्या मजल्यावर जेवणाचे टेबल बघायला गेलो होतो. लिफ्ट चार माणसांची. आत एक आजी भाजीची पिशवी घेऊन उभ्या होत्या. आम्ही शिरलो आणि लिफ्टने जी कोकलायला सुरुवात केली ती थांबेना.

"तुमच्यातलं एक कुणीतरी उतरा," आजी म्हणाल्या.

"जावई उतरत नसतो," मी म्हणालो.

"माझा नाही ना जावई," त्या म्हणाल्या, "मग मला काय त्याचं?"

मेहुणा उतरला आणि जिन्याने निघाला. मी वर टेबल बघितले, भाव पाडला, पाणी प्यायलो, तरी तो आला नाही. खाली बघायला गेलो तर तिसऱ्या मजल्याच्या पायरीवर बसला होता. चेहरा वांग्याच्या रंगाचा. त्याच आजींनी घरातून स्टूल आणून दिले होते, पण त्याचा त्या स्टुलावर विश्वास नव्हता. माझाही बसला नसता. पाय बारीक होते.

त्या संध्याकाळी बायकोने आम्हा दोघांना समोर बसवले. माझी साखर, माझे गुडघे, माझे घोरणे. त्याची धाप, त्याचे गुडघे, त्याचे घोरणे. सगळे ऐकवून झाल्यावर म्हणाली, "दोघं जाणार असाल तर हो म्हणा. एकाचं मी चालवून घेणार नाही. एक खाणार आणि एक बघणार, मग घरात रोज भांडणं." शब्द तिचे आहेत. आज आठवण करून दिली की विषय बदलते.

ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टरबाई तिशीच्या, बारीक आणि कमी बोलणाऱ्या. पोट लहान करतात, मग माणूस थोडेच खातो, असे त्यांनी चित्र काढून समजावले.

"किती काढणार?" मी विचारले.

"साधारण पाऊण भाग."

"फार होतं. निम्म्यावर या."

"अहो काका, हे असं ठरवायचं नसतं."

"सुरुवातीला सगळे असंच म्हणतात. बरं, निम्म्याच्या थोडं वर. तुमचंही राहिलं, माझंही राहिलं."

"काका, त्यातलं मला काहीच ठेवायचं नाहीये," बाई म्हणाल्या.

मी उठून दारापर्यंत गेलो. सौद्यात हे करावे लागते. समोरचा हाक मारतो. बाईंनी हाक मारली नाही, पुढच्या पेशंटला आत बोलावले. तेव्हा परत येऊन बसलो आणि म्हणालो, "आम्ही जोडीत घेतोय, काहीतरी फरक पडायलाच पाहिजे." शेवटी एकच खोली, शेजारशेजारच्या दोन खाटा आणि एकाच दिवशी दोघांचे, एवढे मी पदरात पाडून घेतले. जिना उतरताना मेहुण्याचा हात हातात घेतला. "दोघं म्हणजे दोघं," मी म्हणालो. "दोघं म्हणजे दोघं, दाजी," तो म्हणाला. आयुष्यातला सर्वात चांगला सौदा केला असे मला वाटत होते.

ऑपरेशनच्या आधी दोन आठवडे फक्त पातळ घ्यायचे होते. मी डाळीच्या पाण्यावर राहिलो. एका सकाळी मेहुणा मिसळीच्या दुकानात नुसता रस्सा पिताना सापडला.

"पातळच आहे ना, दाजी," तो म्हणाला.

"आणि त्यात बुडालेला पाव?"

"तो पण पातळ झालाय."

तिथेच मी ओळखायला पाहिजे होते. पण त्या दोन आठवड्यांत माझे डोके चालत नव्हते, तेही पातळ झाले होते.

ऑपरेशनच्या सकाळी आम्ही दोघे मागून नाड्या बांधायचे हिरवे अंगरखे घालून शेजारशेजारच्या खाटांवर बसलो होतो. यादीत पहिला नंबर मेहुण्याचा होता. सिस्टर त्याला न्यायला आली. तो उठला, दोन पावले गेला, वळला आणि माझ्यापुढे हात जोडून उभा राहिला.

"माझ्याकडून हे होणार नाही," तो सिस्टरला म्हणाला. "दाजी इथे बसलेत आणि त्यांच्या आधी मी आत जाऊ? जावयाचा मान आहे."

"अहो, इथे कसला मान?" सिस्टर म्हणाली.

माझे डोके तडकले. त्याच्यावर नाही, सिस्टरवर. "कसला म्हणजे? बरोबर बोलतोय तो," मी म्हणालो. "आधी मी." ती म्हणाली, यादी ठरलेली आहे. मी म्हणालो, बदला. ती म्हणाली, डॉक्टरांना विचारावे लागेल. मी म्हणालो, विचारा, मी इथेच उभा आहे. पंधरा मिनिटे मी त्या अंगरख्यात एक हात मागे धरून भांडलो. शेवटी बाईंनी फोनवर होकार दिला आणि मी मान ताठ ठेवून, पहिल्या पानावर बसायला निघाल्यासारखा, आत गेलो. जाताना वळून बघितले. मेहुणा अजून हात जोडून उभा होता. वाटले, पोराला वळण आहे.

शुद्धीवर आलो तेव्हा शेजारच्या खाटेवर चादरीला एक सुरकुती नव्हती. तिच्यावर हिरव्या अंगरख्याची नीट घडी. बायको खुर्चीत.

"कुठाय तो?" मी विचारले.

"झोपा तुम्ही."

"आत नेलं का?"

"नेलं नाही. गेला."

"कुठे?"

"खाली. चहा प्यायला."

ऑपरेशनच्या आधी पाण्याचा घोटही चालत नाही आणि चहा प्यायला तर ऑपरेशनच होत नाही, हे सिस्टरने आम्हा दोघांना बजावून सांगितले होते. माझ्या मेहुण्याने आयुष्यात एकच सूचना इतकी लक्ष देऊन ऐकली. मला ओरडायचे होते, पण पोटाला टाके होते. आयुष्यात पहिल्यांदा मी गिळून टाकलेला राग तो, आणि तो ठेवायलाही आता जागा पाव शिल्लक होती.

तिसऱ्या दिवशी तो शहाळे घेऊन भेटायला आला. माझ्या हातात औषधाच्या झाकणाएवढ्या पेल्यात पाणी होते आणि ते मला अर्ध्या तासात संपवायचे होते. तो लांबच्या खुर्चीत बसला. खुर्ची करकरली. मागचा उजवा पाय.

"जवळ ये," मी म्हणालो.

"इथून दिसताय की नीट."

"पळालास का?"

"पळालो नाही, दाजी. म्हटलं, आधी तुमचं कसं होतंय बघू."

"म्हणजे मी सँपल?"

"तसं नाही," तो म्हणाला. शहाळे दुसऱ्या मांडीवर घेतले. "बाईंनी सांगितलं ना, नंतर आपल्याला मिसळ पूर्वीसारखी जाणार नाही. मग सकाळी आपण काय करणार?"

मी सिस्टरला बोलावून त्याला बाहेर काढायला सांगितले.

वर्षभरात माझे बासष्ट किलो गेले. जे चांगले झाले ते नाकारणार नाही. मांडी घालून बसता येते. बुटाची नाडी माझी मी बांधतो. रात्री घोरत नाही, त्यामुळे बायको सुरुवातीला मी आहे की गेलो हे बघायला उठायची. पण ताटात अर्धी भाकरी आणि वाटीभर भाजी घेतली की मी संपलो. बायकोचा हात मात्र जुन्याच मापाने वाढतो. पहिले पान अजूनही माझेच असते. मी चार घास खातो आणि शेजारून आवाज येतो, "दाजींचं पान वाया कसं घालवायचं?" एकशे बत्तीसचा तो एकशे छप्पन्न झाला. घरातल्या कुणीही दुर्लक्ष करू नये असा हा हिशेब आहे: माझ्या अंगावरून गेलेले सगळे हवेत गेलेले नाही.

आणि मग दुकान. एका बाईंनी आत येऊन विचारले, "मालक आहेत का?"

"मीच मालक."

"तुम्ही नाही. ते मोठे."

मी पाटीकडे बोट दाखवले, खुर्चीत बसलो आणि चहा मागवला. इथे दुसरी अडचण आली. मला चहा दोन घोटांच्या वर एका वेळी जात नाही. कप संपायला पाऊण तास लागतो. बाई वीस मिनिटे उभ्या राहिल्या, मग म्हणाल्या, "खुर्ची मोडायची वाट बघायची आहे का चहा निवायची?" आणि गेल्या. माल विकत घ्यायला गेलो तर सोफे रडेनात. डाव्या अंगावर बसून बघितले, उजव्या अंगावर बसून बघितले, एकदा चक्क उडी मारून बसलो. घरच्या बाई म्हणाल्या, "बघा, किती मजबूत आहे." आणि भाव वाढवला.

शेवटचा घाव हेडमास्तरांनी घातला. माझ्याकडून नेलेली खुर्ची ते परत घेऊन आले. पाय मोडलेला, बुडाला माझ्या खडूची रेघ.

"आपण बसला होतात ना हिच्यावर?"

"बसलो होतो, सर. आख्खा चहा."

"हो, पण कोण बसलं होतं?" ते म्हणाले. "आमचे जावई एकशे दहा किलोचे आहेत. आपली प्रकृती सुधारली याचा आनंद आहे. पण मग आपला उपयोग काय?"

त्याच वेळी मेहुणा टेम्पोतून कपाट उतरवून, घाम पुसत आत आला आणि समोरच्या खुर्चीत कोसळला. खुर्चीने चकार शब्द काढला नाही. हेडमास्तरांनी चष्मा वर केला. "ही देऊन टाका," ते म्हणाले. "आणि यापुढे यांनाच बसवत जा."

तेव्हापासून तो बसतो. सकाळी दहाला येतो, खुर्च्यांवर बसतो, चहा पितो, खडूने रेघ मारतो. गिऱ्हाईक मला ओलांडून त्याच्याकडे जाते. पाटीवर "मालक" या शब्दाच्या पुढे कुणीतरी खडूने "यांचे मेहुणे" असे लिहिले आहे. अक्षर वळणदार आहे, आणि गल्लीत तसे अक्षर एकाच निवृत्त माणसाचे आहे. मी ते पुसत नाही, कारण पुसले तर वाक्य खोटे होईल.

मला वाटले होते, माझा राग याच गोष्टीचा आहे. पण परवा आम्ही सोसायटीत परतलो तेव्हा लिफ्ट बंद होती. त्याची पिशवी मी घेतली आणि त्याला घरी पोहोचवायला पुढे चढायला लागलो. पूर्वी तो कोथरूडला जिन्याने एकटा चढला होता आणि मी लिफ्टमध्ये मानाने उभा होतो. आता मी पुढे होतो आणि प्रत्येक वळणावर थांबत होतो. दुसऱ्या मजल्यावर तो पायरीवर बसला. चेहऱ्याचा तोच वांग्याचा रंग. मी शेजारी बसलो. त्या पायरीवर आता दोघे मावलो, मी बारीक झालो त्याचा एवढाच फायदा.

"बाईंकडे जाऊन ये," मी म्हणालो. "आपल्या जोडीचा सौदा अजून अर्धा राहिलाय. मी विचारून आलोय, त्या हो म्हणतायत."

त्याने आधी धाप आवरली. "मी कापून घेतलं तर दुकानात बसणार कोण, दाजी?"

खरे लिहायला बसलो आहे म्हणून लिहितो: त्या पायरीवर क्षणभर मला त्याचे म्हणणे पटले. मग स्वतःचाच इतका संताप आला की दुसऱ्या दिवशी सकाळी मी वाळूची दोन पोती आणली, एकेक सत्तर किलोचे. आता खुर्चीवर पोती ठेवतो, शेजारी घड्याळ ठेवतो आणि अर्ध्या तासाने खडूची रेघ मारतो. हेडमास्तर येऊन बघून गेले. "पोतं चहा पिणार नाही," ते म्हणाले, "तेवढी बचत." गिऱ्हाईक नाके मुरडते. मुरडू दे. काही दिवस धंदा बसला तर बसू दे, मी शून्यातून एकदा उभा केला आहे.

तेव्हा दुकानाचे कारण संपले. मिसळीचे कारणही संपले. मी पावाचे चार तुकडे आणि वाटीभर रस्सा घेऊन पाऊण तास त्याच्यासमोर बसू शकतो, रोज सकाळी, हे मी त्याला करून दाखवले आहे. मानाचे कारण तर मी स्वतःच आत जाऊन संपवले. खोली तीच सांगितली आहे. खाटा दोन. एकीवर तो आणि दुसरीवर मी नुसता सोबतीला बसणार, बाहेर चहाला जाणार नाही.

हे मी त्याच्या हातात देणार आहे. त्याने दुकानात, पोत्यांच्या शेजारी बसून, माझ्यासमोर वाचावे. वाचून झाल्यावर इकडचे तिकडचे न बोलता सांगावे: त्या सकाळी तू हिरव्या अंगरख्याची घडी घालून माझ्या शेजारच्या खाटेवरून उठलास, तो परत कधी येणार आहेस? तारीख सांग. मी घासाघीस करणार नाही.